दोनापैकी शून्य : एका उत्तरपत्रिकेतला अणू

प्रश्न साधाच होता. 'पाणी हे संयुग आहे, हे त्याच्या सर्वांत लहान कणाच्या रचनेवरून स्पष्ट करा.' गुण दोन. नववीची पहिली घटक चाचणी, ऑगस्ट संपत आलेला, बाहेर रिपरिप पाऊस. वर्गात ५३ पैकी ४१ मुलं. रोवणी आटोपली होती, तेव्हा उरलेली बहुधा निंदणाला. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या आमच्या शाळेत हजेरीपट धानाच्या कामांवर चालतो. शाळेच्या घंटेला तिथे फारसा मान नाही.

एका मुलीचं उत्तर असं होतं : 'पाण्याच्या एका अणु मध्ये हायड्रोजनचे दोन परमाणु आणि ऑक्सिजनचा एक परमाणु असतो.'

मी फुली मारली. शेजारी लिहिलं, 'अणू की रेणू?' आणि सवयीने 'अणु', 'परमाणु', 'परमाणु' या तिन्ही शब्दांच्या शेवटच्या उकारांना लाल गोल केले. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा उकार दीर्घ लिहायचा, हे पाचवीपासून सांगतो आपण. दोनापैकी शून्य.

त्याच पेपरात पुढे एक पर्यायी प्रश्न होता. ऑक्सिजनचे अणुवस्तुमान किती? पर्याय ८, १६, १८ आणि ३२. तिने ३२ ला खूण केली होती. तिथेही शून्य. 'रेणू म्हणजे काय?' हा एका गुणाचा प्रश्न तिने सोडूनच दिला होता. बाकी पेपर उत्तम. गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, सगळं चोख. वीसपैकी तिला सोळा मिळाले आणि मी पुढचा पेपर ओढला.

इथेच मला थांबायला हवं होतं. ज्या पोरीला गतीच्या समीकरणांत एक चिन्ह चुकत नाही, तिला अणू आणि रेणू यांतला फरक कळत नाही, हे जरा विचित्र होतं. शिवाय चुका विखुरलेल्या नव्हत्या. तीनही चुका एकाच ठिकाणी, एकाच शब्दाभोवती, आणि तिन्ही एकाच दिशेने झुकलेल्या. अंदाजपंचे लिहिणारं पोर असं चुकत नाही. पण एकेचाळीस पेपर आणि संध्याकाळी ऑनलाइन माहिती भरायची. लाल पेन पुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दाराशी आली. भांडायला नाही, ह्या भागातली पोरं मास्तरांशी भांडत नाहीत. हातात एक जुनं, कोपरे दुमडलेलं पुस्तक होतं. टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, हे पाहा जी. यात तसंच लिवलं हाये."

पुस्तक नववीच्या विज्ञानाचं होतं, हिंदी माध्यमाचं. तिने उघडलेल्या धड्याचं नाव होतं 'परमाणु एवं अणु'. त्यात लिहिलं होतं ते मराठीत आणलं, की तिचंच वाक्य होत होतं. दोन परमाणु हायड्रोजनचे, एक ऑक्सिजनचा, आणि मिळून पाण्याचा एक अणु.

मी म्हटलं, "हे हिंदी पुस्तक आहे बाळा."

"हो जी. पन छापील हाये ना?" थोडं थांबून म्हणाली, "आपलंबी छापीलच हाये. मंग चुकलं कोनाचं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मी चहा घेतो म्हणालो.

दाखला

तिचा शाळा सोडल्याचा दाखला कार्यालयात होताच. तो मी जूनमध्ये पाहिलाही असेन, वाचला नव्हता. सहावी ते आठवी बालाघाट जिल्ह्यातल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत. आईवडील बांधकामाच्या कामावर नागपूरकडे गेले होते, तेव्हा पोरगी बाघ नदीपलीकडे मामाकडे राहिली. आता आईवडील परतले, पोरगीही परतली. घरची बोली इथलीच, त्यामुळे बोलण्यातून कोणाला काही जाणवलं नाही. मामाकडे तीन वर्षं राहून आलेली मुलगी असं गावात सगळे म्हणायचे. ती तीन वर्षं ती कुठल्या भाषेत शिकली, हे कुणी विचारलं नव्हतं. वर्गशिक्षक म्हणून ते विचारायचं काम माझं होतं.

पुस्तकाचंही कारण साधं निघालं. सरकारी योजनेत मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत मिळतात. नववीची विकत घ्यावी लागतात. मामेभाऊ एक वर्ष पुढे. त्याची नववी संपली तशी मामाने पुस्तकांचा गठ्ठा भाचीला दिला, 'पुढच्या साली लागंल' म्हणून. गणिताला काय फरक पडतो? गतीला, ऊर्जेलाही पडला नाही. रात्री ती मामाच्या पुस्तकातून वाचायची, दिवसा माझं ऐकायची. दोन्ही जुळत गेलं. अडलं ते एकाच धड्यात.

म्हणजे पोरगी चुकली नव्हती, तिने भाषांतर केलं होतं. तेही प्रामाणिक: मराठी वाक्यात हिंदी संज्ञा, हिंदी ह्रस्व उकारासकट. ज्या तीन उकारांना मी अशुद्धलेखन म्हणून गोल केले होते, तोच खरा माग होता. मराठीत शिकलेलं मूल 'अणू' चुकवून 'अनू' लिहितं. इथे आणि आमच्या वऱ्हाडातही 'ण'चा 'न' होतो, पाणी 'पानी', कोण 'कोन'. हिने 'ण' अचूक लिहिला आणि उकार ह्रस्व. बोलीतून ऐकलेला हा शब्द नव्हता, छापील हिंदीतून डोळ्यांनी उचललेला होता. लाल शाई योग्य जागी पडली होती, मी तिचा अर्थ भलताच लावला.

आणि ३२? हिंदीत 'अणुभार' म्हणजे अख्ख्या अणूचं, म्हणजे आपल्या रेणूचं वजन. ऑक्सिजन वायूचा कण दोन-दोनच्या जोडीने असतो. दोन सोळा बत्तीस. तिच्या भाषेत प्रश्न 'ऑक्सिजनचं अणुवस्तुमान' असा आला, तर ३२ हेच बरोबर उत्तर. नुसतं बरोबर नव्हे, विचार करून काढलेलं. १६ पाठ करणाऱ्या माझ्या अर्ध्या वर्गाला ऑक्सिजनची जोडी आठवलीच नसती.

तोच शब्द, दोन पायऱ्या

जे अजून गोंधळले असतील त्यांच्यासाठी एकदा नीट मांडतो, कारण शिक्षकखोलीत मला हे तीनदा मांडावं लागलं.

मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, जो रासायनिक अभिक्रियेत भाग घेतो, त्याला मराठीत अणू म्हणतात. हिंदीत परमाणु. असे दोन किंवा अधिक कण बांधले जाऊन जो कण होतो, त्याला मराठीत रेणू म्हणतात. हिंदीत अणु. म्हणजे 'अणू' हा शब्द मराठीत खालच्या पायरीवर बसतो आणि हिंदीत वरच्या. 'शिक्षा' शब्दासारखंच आहे. हिंदीत ती मिळावी म्हणून धडपडतात, मराठीत ती टाळायला. फरक एवढाच, की 'शिक्षा'चा घोटाळा पहिल्या वाक्यात उघडा पडतो आणि लोक हसतात. 'अणू'चा घोटाळा उघडा पडत नाही, कारण दोन्हीकडे अर्थ 'फार बारीक कण' असाच. त्यामुळे कुणी हसत नाही, आणि गुण जातात.

आमच्याकडचे गणिताचे सर बालाघाटलाच शिकलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी तर नोकरीला लागल्यावर रेणू शब्द पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं माहूरच्या रेणुकेचं काही असेल." विनोद सोडला तरी, पंधरा वर्षं ते हे मनातल्या मनात भाषांतर करत आले होते आणि आम्हाला कधी बोलले नव्हते.

या बाबतीत मराठी बरीच एकटी आहे. गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू या सगळ्या परमाणु-अणु अशीच जोडी वापरतात. तेलुगू महत्त्वाची, कारण विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, सिरोंच्याकडे, घरात तेलुगू बोलणारी मुलं आहेत. तिथल्या एखाद्या वर्गातही हाच पेपर याच फुल्या घेऊन पडलेला असू शकतो. आपल्या बाजूला तमिळ आहे. तिथे 'अणु' म्हणजे आपलाच अणू.

हिंदीचं तरी पक्कं आहे का? परमाणु ऊर्जा म्हणतील, पण 'अणु बम'ही म्हणतात. मुंबईतली वसाहत अणुशक्तिनगर, आणि ज्या केंद्रीय विभागासाठी ती वसली त्याचं हिंदी नाव परमाणु ऊर्जा विभाग. पोस्टमन गोंधळत नाही. मुलं गोंधळू शकतात.

हे असं का झालं, तर विज्ञानाच्या संज्ञा घडवण्याचं काम प्रत्येक भाषेने आपापल्या ओट्यावर बसून केलं. महाराष्ट्राचं भाषा संचालनालय १९६० चं, केंद्राचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ चा. त्याआधी डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून हजारो पारिभाषिक शब्द पाडले, आणि त्यांची संस्था लाहोरहून उठून काही वर्षं आपल्या नागपुरातच होती. सगळ्यांची खाण एकच, संस्कृत. पण एकाच खाणीतला दगड कुणी पायरीला लावला, कुणी उंबऱ्याला.

चमकातलं धान्य

पोरीच्या 'चुकलं कोनाचं?' ला उत्तर द्यायचं, तर खाणीतच उतरावं लागलं. एक आठवडा गेला माझा त्यात. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. संस्कृत दहावीपर्यंत, तेही पन्नास गुणांचं. तरी जे सापडलं त्याने मजा आणली.

'अणु' हा मुळात नुसता 'बारीक' नव्हे. ते एक धान्य होतं. श्रावणात महादेवाला रुद्राभिषेक होतो तेव्हा नमकानंतर चमक म्हणतात. प्रत्येक वस्तूमागे 'च मे', 'आणि मला', असं मागत जाणारं ते लांबलचक मागणं. त्यात धान्यांची रांग येते : व्रीहयश्च मे, यवाश्च मे, माषाश्च मे, तिलाश्च मे, मुद्गाश्च मे... धान दे, जव दे, उडीद दे, तीळ दे, मूग दे. गहू, मसूर मागून झाल्यावर राळा आणि सावा यांच्या मध्ये येतं 'अणवश्च मे'. मला अणू दे. संस्कृत कोशांत त्याचा अर्थ वरीच्या जातीचं बारीक दाण्याचं धान्य असा मिळतो. पाणिनीच्या एका सूत्रात तीळ, उडीद, अळशी, भांग यांच्या पंक्तीला अणू आहे. ही पिकं ज्या शेतात होतात, त्या शेताला काय म्हणायचं ते तिथे सांगितलं आहे. अणूच्या शेताला 'अणव्य'.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "म्हंजे कुटकी." आमच्या डोंगराकडच्या वस्त्यांत कोदो-कुटकी अजून पेरतात. कुटकी म्हणजेच ते धान्य, असं नाव लावून मी सांगणार नाही. पण डोळ्यांपुढे आणायला याहून चांगला दाणा नाही. तळहातावर घ्या, फुंकर मारली तर उडून जाईल.

रेणू म्हणजे धूळ. वाऱ्याने उडणारी, गाईंच्या खुरांनी उठणारी. मराठीत दोन्ही शब्द जोडीने नांदत आले. 'अणुरेणियां थोकडा, तुका आकाशाएवढा' म्हणताना तुकोबांना खालची पायरी कुठली आणि वरची कुठली, हा प्रश्न नव्हता. अणू-रेणू मिळून 'बारीकातलं बारीक', जसं आपण चूल-पोतेरं म्हणतो, पानसुपारी म्हणतो.

पायऱ्या लावल्या त्या वैशेषिक दर्शनाने, म्हणजे कणाद ऋषीच्या परंपरेने. कणाद या नावातला कण म्हणजे दाणा. कापणी झाल्यावर शेतात सांडलेले दाणे वेचून खाणारा म्हणून कण-अद, असं परंपरा सांगते. आपल्याकडे सरवा वेचतात ना, पलीकडे छत्तीसगडात सिला म्हणतात, तसा. गोंदियाच्या पोरांना हा ऋषी लगेच कळला. इथे गल्लोगल्ली धानाच्या गिरण्या. कोंडा वेगळा, कनकी वेगळी, तांदूळ वेगळा. 'कण' शब्दाचीच ही लेकरं : कणी, कण्या, कणीक.

तर वैशेषिकांचा हिशेब असा. ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत तो परमाणु, म्हणजे परम अणु, बारीकपणाची हद्द. दोन परमाणु मिळून द्व्यणुक. तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक, आणि तिथे पहिल्यांदा वस्तू डोळ्यांना दिसते. ती कशी दिसते? झरोक्यातून उन्हाची तिरीप आत येते, तिच्यात जे कण थरथरत तरंगतात, तो त्रसरेणु.

आता दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहा. हिंदीने परमाणु खाली ठेवला आणि त्यांच्या जोडणीला अणु म्हटलं. द्व्यणुकाच्या आकारमानाला वैशेषिक 'अणु'च म्हणतात, म्हणजे हिंदीला शास्त्राधार आहे. (त्या आकारमानाचं दुसरं नाव 'ह्रस्व' आहे. माझ्या लाल गोलांवर कणादाने काढलेला हा सूड.) मराठीने अणू खाली ठेवला आणि अणूंच्या जोडणीला रेणू म्हटलं. त्रसरेणु हा अनेकांचा मिळून झालेला, म्हणजे मराठीलाही शास्त्राधार आहे. एकाने जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या घेतल्या, दुसऱ्याने मधली गाळून वरची. जिना एकच.

माझं मत विचाराल तर मराठीची जोडी वर्गात सोपी जाते. अणू, रेणू: दोन वेगळे आवाज, दोन वेगळे शब्द. परमाणु आणि अणु यांत एक शब्द दुसऱ्याच्या पोटात, आणि लांब शब्द छोट्या वस्तूला. पण हे सोयीचं मत आहे, खरेपणाचं नाही.

एक सावधगिरी मात्र वर्गातही बाळगली. 'आपल्याला हे सगळं आधीच ठाऊक होतं' या वाटेला जाऊ दिलं नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत वजनांची एक साखळी आहे : आठ त्रसरेणु म्हणजे एक लीख, तीन लिखा म्हणजे एक राई, तीन राया म्हणजे एक पांढरी मोहरी, सहा मोहऱ्या म्हणजे एक जव, तीन जव म्हणजे एक गुंज. (लीख म्हटल्यावर मुलींच्या बाजूला जे हसू पिकलं, ते आवरायला पाच मिनिटं गेली.) फळ्यावर गुणाकार केला : १,२९६ त्रसरेणूंची एक गुंज. सोनाराची गुंज साधारण १२१ मिलिग्रॅम. म्हणजे एक त्रसरेणु मिलिग्रॅमच्या अकराव्या भागाजवळ. उन्हात तरंगणारा धुळीचा कण त्याहून कितीतरी हलका असतो. आणि त्यात परमाणु सहा नसतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण घेतला, तरी त्याच्या नुसत्या रुंदीवर पन्नासेक हजार अणू ओळीने मावतील. जुन्या लोकांनी तर्काने पायऱ्या कल्पिल्या, त्या सुंदर आहेत. तराजू लावला तो नंतरच्या लोकांनी.

डाल्टनलाही शून्य

तराजू लावणाऱ्यांचीही गंमत ऐका. ग्रीक 'आटोमॉस' म्हणजे न कापता येणारा, त्यावरून 'ॲटम'. 'मॉलिक्यूल' लॅटिनमधल्या 'मोलेस' म्हणजे ढिगारा या शब्दावरून, चिमुकला ढिगारा. जॉन डाल्टनने १८०८ मध्ये आपला ग्रंथ छापला, त्यात कणांची गोल चिन्हं काढली आणि पाण्याच्या चिन्हाखाली लिहिलं : पाण्याचा एक ॲटम, ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक मिळून. पाण्याचा ॲटम! माझ्या उत्तरसूचीप्रमाणे तपासलं तर डाल्टनला शून्य, आणि हायड्रोजन एकच घेतला म्हणून वर शेरा. आमच्या पोरीने निदान दोन हायड्रोजन लिहिले होते.

१८११ मध्ये ॲव्होगॅड्रोने सांगितलं की ऑक्सिजनसारख्या वायूचे कण स्वतःच जोडीने असावेत. पुढची जवळपास पन्नास वर्षं त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. एकच संयुग वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळ्या सूत्रांनी लिहिलं जायचं. ऑक्सिजनचा आकडा कुणी ८ धरायचा, कुणी १६. शेवटी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला युरोपातले रसायनशास्त्रज्ञ जमले, ॲटम कशाला म्हणायचं आणि मॉलिक्यूल कशाला, हे ठरवायला. तिथे इटलीच्या कॅनिझारोने ॲव्होगॅड्रोची बाजू मांडली, त्याची पुस्तिका वाटली गेली, आणि पुढच्या काही वर्षांत धुकं निवळलं.

थोडक्यात, माझ्या पर्यायी प्रश्नातले ८, १६ आणि ३२ हे आकडे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी भल्याभल्यांना भांडायला लावणारे होते. मी ते 'चुकवणारे पर्याय' म्हणून सहज टाकले होते.

पुढे १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. न कापता येणारा ॲटम कापला गेला, परम अणू परम राहिला नाही. नावं मात्र कुणी बदलली नाहीत.

गुणांचं काय

मुख्याध्यापकांसमोर प्रकरण गेलं ते मीच नेलं म्हणून. गुणयादी भरून झाली होती.

मराठीच्या बाईंचं म्हणणं स्पष्ट होतं : माध्यम मराठी, उत्तर मराठीत हवं. बोर्डाच्या परीक्षेत तपासनीस तिचा दाखला मागवून बघणार नाही. आता गुण दिले, तर दहावीत तिचं नुकसान आपणच केलं असं होईल. गणिताचे सर म्हणाले, विज्ञानाचा पेपर आहे की भाषेचा? तिला पाण्याची रचना येते की नाही, एवढंच सांगा. येते ना? मग द्या.

दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणून माझी पंचाईत. शेवटी असं ठरवलं : दोन गुणांच्या प्रश्नाला पूर्ण दोन. तिने रचना मांडली होती, संख्या अचूक होत्या, आणि आमच्याच शाळेने तिला पुस्तक कुठलं आहे हे विचारलं नव्हतं. ३२ ला गुण नाही. 'अणुवस्तुमान' हा शब्द मी वर्गात तीन तास शिकवला होता आणि त्या तिन्ही तासांना ती हजर होती. सोडलेल्या प्रश्नाचा प्रश्नच नव्हता. वीसपैकी अठरा.

३२ चा गुण न देणं मला अजून टोचतं. विचार करून काढलेल्या चुकीला आणि ठोकून दिलेल्या चुकीला पर्यायी प्रश्नात एकच शून्य मिळतं. पुढच्या चाचणीपासून मी त्या प्रश्नाखाली 'कसं काढलं ते एका ओळीत लिहा' असं जोडायला लागलो. तपासायला वेळ लागतो. लागू दे.

तिला मराठी पुस्तक मिळालं. मागच्या वर्षीच्या एका मुलीने आणून दिलं. हिंदी पुस्तक टाकून दे, असं मी सांगितलं नाही. उलट त्या धड्याच्या पहिल्या पानावर तिच्याकडून पेन्सिलने लिहून घेतलं : इथला परमाणु म्हणजे आपला अणू, इथला अणु म्हणजे आपला रेणू.

मग एक तास वर्गासाठी. आमच्या जुन्या इमारतीवर अजून कवेलू आहेत, आणि सातव्या-आठव्या रांगेत एक फुटका. पावसाने उघडीप दिली की अकराच्या सुमाराला तिथून उन्हाची काठी सरळ तिसऱ्या बाकावर पडते. दारं-खिडक्या लावून घेतल्या, एका पोराला सतरंजी झटकायला लावली. काठीत कण नाचायला लागले. कुणाला काही सांगायची गरज पडली नाही. सगळे माना वर करून बघत होते. मी एवढंच म्हणालो, हा दिसतो तो जुन्या लोकांचा रेणू. विज्ञानाचा रेणू दिसत नाही, पण नाव यानेच दिलं. मग एका पुडीतून कुटकी काढली, मूठभर. हा अणू. आता याचे दाणे चिकटवून रेणू करा.

दोन दाणे एका बाजूला, एक मोठा तांदळाचा दाणा मध्ये, डिंकाने. पाणी. दोन तांदूळ शेजारी, ऑक्सिजन वायू. त्या पोरीने दोन तांदूळ चिकटवले, कागदावर खाली '३२' लिहिलं, पुढे 'रेणु' लिहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उकार खोडून दीर्घ केला.

दिवाळीच्या सुट्टीत ती मामाकडे गेली. आल्यावर सांगत होती, मामेभावाला तिने 'रेणू' विचारला, तर तो म्हणाला, असा शब्दच नाही. तिने कनकीचे दाणे घेऊन समजावलं म्हणे. त्याला पटलं की नाही कळलं नाही; दाणे मात्र मामीची कोंबडी खाऊन गेली.

प्रथम सत्राच्या पेपरात मी मुद्दाम तोच प्रश्न पुन्हा घातला होता. तिचं उत्तर निर्दोष. पण मागच्या बाकावरच्या त्या कुटकीवाल्या पोराने लिहिलं होतं : 'पाण्याच्या एका रेणूत तीन परमाणू असतात, दोन हायड्रोजनचे व एक ऑक्सिजनचा.' तो जन्मात कधी बालाघाटला गेलेला नाही. मी पेपर मराठीच्या बाईंपुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "शुद्धलेखन तर बरोबर आहे."